गाडी अजून वरच आहे

आग्नेलची बुलेट सोमवारी टेम्पोतून आली.
म्हणाला, पात्रांव, स्पितीभर कुरकुरली नाही
आणि डिचोलीच्या साध्या चढावर फटाके फोडते.
मी काही बोललो नाही.
आधी गाडी बघायची असते, गिऱ्हाईक नंतर.

एअर फिल्टर उघडला.
माझ्या हातांना वीस वर्षं एकच धूळ ठाऊक:
खाणीची, तांबडी,
लग्नाच्या हळदीतही नखांतून न हटलेली.
ही राखाडी, पिठासारखी.
बोटावर घेऊन हुंगली. वास नव्हता कसलाच.
इतकी कोरडी वस्तू
आमच्या गावात याआधी कुणी आणली नसेल.

डावा फुटरेस्ट वाकलेला. इथं पडला असणार, पाण्यात,
कारण चेनकव्हरमध्ये वाळू आहे,
आपल्यासारखी गोल नव्हे, टोकदार,
फार लांब न वाहिलेल्या पाण्याची.
टाकीवर पिवळट डाग, तुपाचा असावा तसा.
चहा, आग्नेल म्हणाला. मिठाचा.
म्हाताऱ्या लामानं कप टाकीवर ठेवला
आणि दोन्ही तळवे इंजिनला शेकत बसला,
माझ्याशी नाही, गाडीशीच बोलल्यासारखा.

हँडलला आईचा रुझार
आणि त्याच गाठीत पाच रंगांच्या पताका.
खुशाली त्या सोडायला गेला तर ओरडला,
राहू दे रे. वाऱ्यानंच झिजायच्या असतात त्या.

आग्नेल सारमानसची फेरीबोट चालवतो.
बावीस वर्षं तेच पाणी, इकडून तिकडे,
समुद्राहून माणूसभर उंचीवर.
सांगत होता: गोम्पाच्या गच्चीवरून पहाटे
दोन पोरांनी हे एवढे लांब कर्णे फुंकले,
आणि मी झोपेतच उठलो
रॅम्प खाली घ्यायला.
हसला. मग बराच वेळ
माझ्या स्पॅनरांच्या फळीकडे बघत राहिला.

कार्ब्युरेटर खोलला तेव्हा कळलं.
काझाच्या कुणा मिस्त्रीनं जेट बदललंय,
बारीक भोकाचं घातलंय.
वर हवा विरळ. पेट्रोल बेतानं पाजायचं,
जेवढा श्वास तेवढाच घास.
इथं एवढी जाड, ओली, माशांचा वास असलेली हवा,
तरी ही बाई मोजून खाते,
अजून पंधरा हजार फुटांवर असल्यासारखी.
म्हणून फटाके.
त्या मिस्त्रीला मी ओळखत नाही.
पण स्क्रूच्या खाचेला एक ओरखडा नव्हता.
थंडीत, बधिर बोटांनी. हात चांगला.

दुपारी एस्पेरान्साचा फोन. आग्नेलची बायको.
गाडी झाली का? आणि यांचं काय करायचं?
पाळी संपली तरी धक्क्यावर उभे असतात,
ताटात अर्धा भात तसाच.
मी फक्त गाडीचं बघतो बाय, म्हणालो.
ती म्हणाली, तेच विचारतेय.

जुनं जेट घातलं. ट्रायलला लामगावपर्यंत नेली.
खुशाली म्हणतो, लामांचं गाव. तसं काही नसावं.
पण जांभ्यात खोदलेल्या गुहा आहेत,
कधीकाळी भिक्षू राहायचे म्हणे.
आता लिंग आहे, नंदी आहे, विझलेली समई,
भिंतीला ओल.
चढावर एकही फटाका नाही. पोटभर जेवून
गाडी गुरगुरत वर आली.
बंद केली. तापलेलं लोखंड
टिकटिक करत निवत राहिलं.

पताका हलत नव्हत्या. वाराच नव्हता.
मागं-पुढं बघितलं, कुणी नव्हतं.
एक फुंकर मारली.

ते बारीक जेट शर्टाच्या खिशात आहे,
भातापेक्षा थोडं मोठं, पितळी.
डोळ्याला लावलं तर भोकातून
सुईएवढं आभाळ दिसतं.
आग्नेलनं मागितलं तर देईन.
अजून मागितलेलं नाही.